गच्चीचं हीटप्रूफिंग: फोम, पेंट की कोबा, आणि काम द्यायचं कोणाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की अमरावतीला आई-बाबांचं घर, खाली भाडेकरू, वर ते दोघं, 900 स्क्वेअर फुटांची गच्ची, स्लॅबवर जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा, एप्रिल लागला की रात्री बारापर्यंत वरच्या खोल्यांची भट्टी, पंखा लावला तर वरून गरम वाफ अंगावर. तुम्ही पुण्यात. तीन जण बघून गेले, एक म्हणतो फोम मारतो, दुसरा म्हणतो हीटप्रूफ पेंट, तिसरा म्हणतो वरून अजून एक कोबा टाकू. कोणाचं ऐकायचं आणि माणूस पारखायचा कसा. मी अकोल्याचा, 24 वर्षं वॉटरप्रूफिंग आणि हीटप्रूफिंगचीच कामं करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सगळ्यात आधी त्या तिसऱ्याला फोन करून नाही म्हणा. चार इंच कोब्याचं वजन एका चौरस मीटरला 180-190 किलो भरतं. आणि ज्या गच्चीवर माणसं चढतात तिच्यावर माणसं, सामान वगैरेसाठी डिझाइनमध्ये धरलेला भार असतो आयएस 875 या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला 150 किलो. म्हणजे जुना कोबा आहेच, त्यावर दुसरा टाकला की माणसांसाठी राखलेली सगळी ताकद त्या दगडमातीनेच खाल्ली, वर परत टाकी, वर परत लग्नघरातली पन्नास माणसं. स्लॅब लगेच पडत नाही हो, वाकतो, खालून बारीक चिरा पडतात, पाणी सळईपर्यंत जातं आणि मग दहा वर्षांनी सगळे विचारतात हे झालं कसं.

बरं एवढं करून गरमी अडली असती तरी एकवेळ मानलं असतं. कोबा गरमी अडवत नाही, उशिरा आणतो. हा फरक नीट समजून घ्या कारण तुमचा अर्धा त्रास यातच आहे. मे महिन्यात आपल्याकडे गच्चीचा पृष्ठभाग 60 अंशांच्या पुढे जातो, पाय टेकवत नाही. ती उष्णता कोब्यातून आणि स्लॅबमधून मुंगीच्या पावलाने खाली येते, कित्येक तास लागतात, म्हणून दुपारी दोनला वर बसलेला दणका तुमच्या बाबांना रात्री जेवताना लागतो. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणात बरं वाटतं आणि घरात पाय ठेवला की डोकं तापतं. तो तवा आहे, गॅस बंद केल्यावरही तापलेलाच राहतो.

आता कोणी म्हणेल मग जुनी माळवदाची घरं गार कशी राहायची, तिथे तर मातीच होती. तिथे माती हातभर असायची, तुळया, फळ्या, त्यावर पाला आणि वर पांढरी माती. तेवढ्या जाडीतून उष्णता खाली पोचेपर्यंत रात्र होऊन वरचा थर गार व्हायला लागलेला असायचा. चार इंचांत तो खेळ जमत नाही, चार इंचांत उष्णता बरोब्बर झोपायच्या वेळेला पोचते. आणि माळवदाला जाड भिंती आणि दरवर्षी पावसाआधी मातीची डागडुजी लागायची, ते कोण करणार आता.

काम द्यायच्या आधी एक फुकटची टेस्ट करा. रात्री दहाच्या सुमारास स्टुलावर चढून एक तळवा छताला लावा आणि मग तोच तळवा आतल्या भिंतीला, ज्या भिंतीवर ऊन पडत नाही त्या. (बाबांना चढवू नका, तुम्ही गेलात की स्वतः करा.) छत भिंतीपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर गच्चीवर खर्च करायला अर्थ आहे. मग पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा, तीही तेवढीच तापलेली असेल तर नुसती गच्ची करून निम्माच फरक पडेल आणि तुम्ही कंत्राटदाराला शिव्या द्याल, जेव्हा की चूक त्याची नाही. पश्चिमेला बाहेरून सावली करणं, छज्जा, जाळी, वेल, काहीही, हे स्वस्तात होतं, त्यात मी शिरत नाही.

आता मटेरियल. आकडे देतो कारण आकड्याशिवाय सगळेच खरे वाटतात. काँक्रीटमधून उष्णता जितकी जाते त्याच्या पन्नासेक पटीने कमी एक्सपीएसमधून जाते. एक्सपीएस म्हणजे ती निळी-गुलाबी-हिरवी कडक शीट, थर्माकोलची मोठी बहीण समजा, पण दाणे नसतात आणि पाणी पीत नाही. दोन इंचाची एक्सपीएस शीट म्हणजे अडवणुकीत साधारण आठ फूट काँक्रीट. आणि तुमचा तो चार इंच कोबा म्हणजे चार मिलीमीटर एक्सपीएस. हो, मिलीमीटर. मी लोकांना हे सांगतो तेव्हा ते मला सेल्समन समजतात, पण हे साधं जाडी भागिले कंडक्टिव्हिटीचं गणित आहे, कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पोराला विचारा.

पण म्हणून जेवढं जाड तेवढं भारी असंही नाही. तुमच्यासारख्या स्लॅब अधिक कोब्यातून आज 100 एवढी उष्णता येते असं धरा, तर एक इंच एक्सपीएसने ती साधारण 33 वर येते, दोन इंचांनी 20 वर, तीन इंचांनी 14 वर. पहिला इंच खरा काम करतो, दुसरा बऱ्यापैकी, तिसरा तुमच्या पैशाने कंपनीचं भलं करतो. केंद्राच्या बीईईने, म्हणजे ऊर्जा बचतीच्या सरकारी संस्थेने, 2018 मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली, त्यात छताची यू-व्हॅल्यू (छतातून किती उष्णता जाते त्याचा आकडा, जितका कमी तितका बरा) जास्तीत जास्त 1.2 धरलीय, तुमचं छत आज 2.4 च्या आसपास असेल, एक इंचातच 0.8 होतं. मी स्वतः विदर्भात दोन इंचच सांगतो कारण मजुरी, स्क्रीड म्हणजे वरचा सिमेंटचा थर, चायना मोझॅक म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, हे सगळं तेवढंच लागतं, फक्त शीटचा फरक पडतो, आणि परत परत हे काम कोणी काढत नाही.

फोम, म्हणजे पीयू स्प्रे, दोन केमिकल मशीनमध्ये एकत्र होऊन बंदुकीतून फवारतात आणि डोळ्यांदेखत फुगून कडक होतं. अडवणुकीत हा एक्सपीएसपेक्षाही थोडा सरस, सांधा नाही, वजन नगण्य. मग तोच का नको? नको असं नाही, पण मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारतो, आई गच्चीवर वाळवण घालतात का? कुरडया, पापड, शेवया, मिरच्या? खाट टाकून कोणी झोपतं का वर? माकडं येतात का? अमरावतीत येतातच. फोमवर नुसतं कोटिंग मारून सोडलं तर खाटेचा पाय रुततो, पोरांच्या क्रिकेटने खड्डे पडतात, माकडं उड्या मारतात, आणि कोटिंग जिथे फाटलं तिथून उन्हाने फोम पिवळा-तपकिरी पडून त्याचा भुगा होतो. ज्या गच्चीवर वर्षातून एकदा टाकी धुवायलाच कोणी चढतं तिथे फोम आणि वर चांगलं कोटिंग हे उत्तम काम आहे. जिथे वाळवणं आहेत तिथे फोमवरही स्क्रीड करावंच लागतं, मग त्याचा हलकेपणाचा फायदा गेलाच.

आणि फोम ओल्या स्लॅबवर चालत नाही. हे मी माझ्या खिशातून शिकलोय. लाइनमध्ये नवा होतो, मृगाची एक सर येऊन गेली, दुसऱ्या दिवशी कडक ऊन, वरून गच्ची ठणठणीत कोरडी दिसतेय, मालकाकडे लग्न, पाहुणे यायचे होते, आणि मशीन भाड्याने आणलेलं, एक दिवस उभं ठेवलं तरी पैसे जाणार. मारला फोम. गणपतीच्या आसपास मालकाचा फोन की गच्चीला फोड आलेत. जाऊन बघतो तर पुरीसारखे फुगलेले, काही तर परातीएवढे. एक फोड सुरीने कापला तर आतून चूळभर पाणी निघालं, कोमट. कोब्याने पोटात ओल धरून ठेवलेली, ऊन लागल्यावर तिची वाफ झाली आणि तिने फोम उचलला. निम्मी गच्ची खरवडून परत केली, माझ्या पैशाने, आणि त्या लग्नात जेवलो होतो त्याची लाज वेगळी. तेव्हापासून मी दीड बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने गच्चीला चिकटवतो आणि एक दिवस-रात्र तसंच ठेवतो. सकाळी आतून दव जमलेलं दिसलं किंवा खालचा कोबा काळसर पडला तर काम नाही. तुमच्याकडे जो फोमवाला येईल त्याला विचारा, ओल कशी बघतो. नुसतं "हात लावून कळतं" म्हणाला तर चहा पाजून पाठवा.

पेंटवाल्याचं काय. पेंट खोटा नाही, त्याचं नाव खोटं आहे. अर्ध्या मिलीमीटरचा थर उष्णता अडवू शकतच नाही, त्यात सिरॅमिक घाला की सोनं घाला. तो ऊन परतवतो, आरशासारखा नाही पण पांढऱ्या शर्टासारखा, आणि हे काम तो खरंच छान करतो, काळवंडलेल्या कोब्याच्या मानाने पहिल्या उन्हाळ्यात फरक हाताला कळतो. मग धूळ बसते. आपल्याकडची मार्च-एप्रिलची धूळ काय असते ते तुम्हाला सांगायला नको, वर कबुतरं. दरवर्षी होळीच्या आसपास घासून धुतला तर तीन-चार वर्षं चालतो, नाही धुतला तर दुसऱ्याच उन्हाळ्यात राखाडी. चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारणं हा त्याचाच गरीब भाऊ, एका सीझनचा, पण त्या सीझनपुरता प्रामाणिक. पैसे कमी असतील तर यंदा एवढंच करा आणि वर सहा-सात फुटांवर हिरवी शेडनेट ताणा, मला त्यातून काही मिळणार नाही तरी सांगतो, कूलरवर राहणाऱ्या घरांना पुष्कळदा एवढ्याने भागतं. फक्त वादळाच्या आधी नेट सोडून ठेवायची, मेच्या वावटळीत ती पाइपासकट शेजाऱ्याकडे जाते.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची सवय असेल तर बंद करा. तापलेल्या कोब्यावर गार पाणी पडलं की तो तडकतो, तडा दिसत नाही पण पावसाळ्यात दिसतो.

खालून फॉल्स सीलिंग करून वर रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, भरायचा सल्लाही कोणीतरी देईल. फ्लॅट असता, गच्ची सोसायटीची असती आणि कमिटी ऐकत नसती, तर मीच तो सांगितला असता. स्वतःचं घर असताना का करायचं? स्लॅब उन्हात तापायचा तो तापतच राहतो, प्रसरण पावून तडे जायचे ते जातातच, आणि गळती झाली तर सीलिंगच्या वर लपून बसते, रॉकवूल भिजलं की निकामी. फक्त एक सांगतो, कोणी घराच्या आत थर्माकोल किंवा फोम उघडा लावतो म्हणाला तर अजिबात नको, ही मटेरियलं पेटतात आणि धूर जीवघेणा असतो. फायर रिटार्डंट ग्रेड म्हणजे न पेटणारी नव्हे. रॉकवूल पेटत नाही, आत लावायचं तर तेच.

आता सेल्समनच्या दोन जादू. पहिली, चकचकीत अॅल्युमिनियम फॉइलची बबल शीट, तिच्यावर हॅलोजनचा दिवा धरतात, खाली तुमचा हात, आणि हात गरम होत नाही. खरंच होत नाही. पण फॉइल किरणं परतवते तेव्हाच जेव्हा तिच्या चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी असते. पत्र्याच्या शेडखाली पोकळी ठेवून ताणली तर कामाची आहे. स्लॅबवर पसरून वर सिमेंट ओतलं की ती चकाकी मेली, उरला तो फक्त बुडबुड्यांचा पातळ थर. दुसरी जादू तापमानाच्या बंदुकीची. काँक्रीटवर रोखली, 62 दाखवलं, मग फॉइलवर रोखली, 38. बघा साहेब किती थंड! अहो ती बंदूक चकचकीत पृष्ठभागावर चुकीचंच दाखवते, तिला फॉइलचं नाही तर फॉइलमध्ये दिसणाऱ्या आभाळाचं तापमान दिसतं. फॉइलवर कागदी मास्किंग टेपचा तुकडा लावून पाच मिनिटांनी त्या टेपवर रोखायला सांगा आणि त्याचा चेहरा बघा. (कोरोनातली कपाळाची बंदूक यासाठी वापरू नका, ती तापापुरतीच असते.)

तर तुमच्या गच्चीला मी काय करेन. आधी हातोडीच्या दांड्याने सगळा कोबा वाजवून बघेन. बद्द, पोकळ आवाज ठिकठिकाणी आला किंवा खालच्या छताला ओलीचे डाग असतील तर कोबा काढायचा. धूळ होते, आई वैतागतील, पण वजन उतरतं आणि मूळ स्लॅब दिसतो. कुठे सळई उघडी पडली असेल तर तिथून पुढे माझं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, इथे पैसे वाचवायला बघू नका. मग उतार काढून वॉटरप्रूफिंगचे कोट, पॅराफिटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला वाटा, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, काढून एक फूट वर चढवलेले, आणि मग पाणी भरून 72 तास. 900 फुटांवर एक इंच पाणी म्हणजे जवळपास 2100 लिटर, टँकर सांगून ठेवा, नळाच्या भरवशावर राहू नका. खडूने पातळीची खूण करायची, बाजूला एक बादली भरून तीही ठेवायची, बादलीतलं जितकं उडालं त्यापेक्षा गच्चीवरचं जास्त उतरलं तर कुठेतरी जातंय. ही टेस्ट एक्सपीएसच्या आधी. शीट टाकल्यावर केलेल्या टेस्टला अर्थ नाही, गळालं तर शोधणार कुठे.

त्यावर दोन इंच एक्सपीएस, शीटच्या कडांना खाच असलेली, एकमेकींत बसणारी, विटांसारखी सांधे चुकवून मांडलेली. चिकटवायला थिनर किंवा पेट्रोलच्या वासाचं काहीही नको, ते शीटला विरघळवून टाकतं, मी एका ठिकाणी पंधरा शीट जाळीसारख्या झालेल्या बघितल्यात. आणि मटेरियल आणून आठ-आठ दिवस उन्हात उघडं टाकायचं नाही. वर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं जाडसर कापड, त्यावर जाळी टाकून दोन इंच स्क्रीड, दहा बाय दहा फुटांच्या चौकटी पाडून मध्ये जॉइंट, सलग ओतायचं नाही कारण खाली शीट असल्यामुळे उन्हाची सगळी गरमी आता स्क्रीडमध्येच अडकते, ते पूर्वीपेक्षा जास्त तापतं आणि जास्त ताणतं. हा मुद्दा भल्याभल्यांना माहीत नसतो. शेवटी पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. या सगळ्याचं वजन चौरस मीटरला दीडशेच्या आसपास, म्हणजे काढलेल्या कोब्यापेक्षा कमीच. कोबा न काढता हे करायचं असेल तर मात्र इंजिनिअरचा लेखी होकार घ्या, नाहीतर फोम आणि कोटिंगवर या आणि वाळवणांसाठी एका कोपऱ्यात फरशा टाका.

माणूस पारखायचा कसा, हा तुमचा खरा प्रश्न होता, त्याला एवढ्या उशिरा आलो कारण वरचं कळल्याशिवाय प्रश्न विचारता येत नाहीत. माझा सरळ हिशोब असा की जो आल्या आल्या "किती डिग्री कमी करून देतो" सांगतो त्याच्यापेक्षा जो आधी विचारतो "कुठे गळतं का, पाण्याचे पाइप किती आणि कुठे" तो बरा. हे काम नावाला हीटप्रूफिंग आहे, फसतं ते नेहमी पाण्यावर. चांगला माणूस गच्चीवर चढतो, आउटलेटच्या जाळीतला पाला काढून बघतो, पॅराफिट वाजवतो, मग खाली येऊन छत बघतो, आणि या सगळ्यात अर्धा-पाऊण तास जातो. व्हॉट्सअॅपवर फोटो बघून रेट देणाऱ्यांना मी कंत्राटदार म्हणत नाही. आणि "दहा डिग्री गॅरंटीने" म्हणणाऱ्याला विचारा कशाचं तापमान, छताचं की हवेचं, किती वाजता, खिडक्या उघड्या की बंद. छत नक्की गार होतं, भिंतीइतकं होतं, पण दुपारी कूलर तर लागणारच, अमरावतीचं महाबळेश्वर होत नाही.

कोटेशन एकरकमी घेऊ नका. मी रेट मुद्दाम लिहीत नाहीये, गावागणिक आणि सीझनगणिक बदलतो आणि नुसता आकडा तुम्हाला फसवेल. "हीटप्रूफिंग, 900 फूट, इतके रुपये" असं एका ओळीचं कोटेशन म्हणजे कोरा चेक. त्यात लिहून घ्या, शीट किती मिलीमीटर, डेन्सिटी (एका घनमीटरचं वजन) किती, वॉटरप्रूफिंगचे कोट किती आणि कुठल्या मालाचे, स्क्रीड किती जाड, जाळी आहे का, पाण्याची टेस्ट किती तास, मलबा खाली उतरवून न्यायचा कोणी, आणि माप काढताना पॅराफिटची उभी बाजू धरलीय का. शेवटच्या एका गोष्टीवरून मी दोन सख्ख्या भावांत भांडण लागलेलं पाहिलंय, एकाला वाटलं कंत्राटदार महाग, दुसऱ्याला वाटलं स्वस्त, दोघं वेगवेगळ्या मापावर बोलत होते.

डेन्सिटी घरी तपासता येते, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून नीट सांगतो. फोम असेल तर गच्चीच्या कामाला घनमीटरला 40 ते 45 किलो डेन्सिटी हवी. मारून झाल्यावर दुसऱ्या दिवशी कटरने 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा पूर्ण खोलीपर्यंत कापायचा. जाडी पाच सेंटिमीटर असेल तर 40 डेन्सिटीला त्याचं वजन 20 ग्रॅम भरलं पाहिजे. घरात तेवढा बारीक काटा नसतो, ओळखीच्या सराफाकडे जा. मागे एका मास्तरांनी दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेल्या कामाचा असा तुकडा माझ्याकडे आणला, आम्ही दोघं सराफाच्या दुकानात, तो आधी हसला, मग त्याने गंभीरपणे काट्याची काच खाली केली आणि म्हणाला तेरा ग्रॅम. तेरा म्हणजे डेन्सिटी 26. लिहून दिली होती 40. कापलेली जागा त्याच फोमने भरून घ्यायची, हेही कामात धरायला आधीच सांगून ठेवा.

एक्सपीएसला तर कापायचीही गरज नाही. 1250 बाय 600 मिलीमीटरची 50 मिलीमीटर जाड शीट, डेन्सिटी 32 असेल तर 1200 ग्रॅम भरते. सहाशेच्या आसपास भरली तर रंग दिलेला थर्माकोल समजा, कोपरा तोडून बघा, साबुदाण्यासारखे दाणे सुटे झाले की झालं. हे आईंना व्हिडिओ कॉलवर पिशवीच्या वजनकाट्याने करता येईल.

तुम्ही पुण्यात असणार म्हणून एक अट कोटेशनमध्येच टाका, प्रत्येक थर झाकायच्या आधी मोजायची टेप लावून काढलेला फोटो. टेपशिवाय फोटोत एक इंच आणि दोन इंच सारखेच दिसतात. पैसेही त्याच टप्प्यांनी, थोडा अॅडव्हान्स, मटेरियल गच्चीवर पोचल्यावर पुढचा, पाण्याची टेस्ट पास झाल्यावर पुढचा, आणि निदान दहा टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत हातात. यावर जो चिडतो त्याला जाऊ द्या, मला स्वतःला सुरुवातीला राग यायचा, आता मीच सांगतो ठेवा म्हणून, पावसाळ्यानंतर ते दहा टक्के घ्यायला गेलो की तिथेच पुढची दोन कामं मिळतात.

दहा वर्षांची गॅरंटी लेटरहेडवर असो की स्टॅम्प पेपरवर, विचारायचं एवढंच की गॅरंटी गळतीची की मटेरियलची, आणि देणारा कोण, कंपनी की तो स्वतः. त्यापेक्षा त्याने तीन वर्षांपूर्वी केलेल्या घराचा पत्ता मागा आणि त्या गच्चीवर चढा, नवं काम सगळ्यांचंच चकचकीत असतं. तिथल्या बाईंना विचारा, साहेबांना नाही. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं ते त्यांना माहीत असतं. आणि कामावर तोच माणूस असणार की तो पोटकंत्राट देऊन गायब होणार, हेही विचारून घ्या.

वेळ दिवाळीनंतरची, गच्ची नीट सुकल्यावर, जानेवारी ते मार्च सगळ्यात उत्तम. मे महिन्यात सगळ्यांना आठवण होते, तेव्हा आम्हाला फुरसत नसते, आणि तेव्हा ओतलेलं स्क्रीड पाणी सुकून दुसऱ्या दिवशी तडकतं, कितीही गोणपाट टाका. यंदा उशीर झाला असेल तर चुना आणि शेडनेटवर उन्हाळा काढा.

दोन गोष्टी राहिल्या. सोलर लावायचा विचार असेल, आता केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे म्हणून सगळेच लावतायत, तर आधी हे काम आणि मग सोलर. उलटं केलंत तर स्ट्रक्चरचे पाय आमच्या थरांच्या मध्ये येतात, आणि सोलरवाले येऊन वॉटरप्रूफिंगला ड्रिलने भोकं पाडतात ते वेगळंच, त्यांना सांगायचं काँक्रीटचे ठोकळे वर ठेवून त्यात पाय बसवा. पॅनेलखालच्या भागाला सावली मिळते तो बोनस.

आणि जिन्याच्या दाराचा उंबरठा. कोबा न काढता हे थर केले तर गच्ची चार-साडेचार इंचांनी उंच होते, आणि उंबरठा तेवढा उंच नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी जिन्याने खाली भाडेकरूच्या दारात. पॅराफिटही तेवढंच बुटकं होतं, नातवंडं वर खेळत असतील तर तेही बघा. आजच बाबांना सांगून उंबरठ्याची उंची मोजून घ्या, गच्चीच्या तळापासून, आणि तो आकडा मला कळवा, म्हणजे कोबा काढायचा की ठेवायचा हे मला निम्मं इथूनच सांगता येईल.